उन्हाची सनद

१२ मे २०२५ रोजी फिलिपीन्समध्ये झालेल्या निवडणुकीत बतांगास प्रांताच्या पहिल्या मतदारसंघाने लिआंद्रो लेविस्ते या बत्तीस वर्षांच्या तरुणास मोठ्या मताधिक्याने प्रतिनिधिगृहात पाठविले. तोपर्यंत लेविस्ते यांची प्रसिद्धी होती ती सौरऊर्जेच्या व्यवसायातील एक धडाडीचे उद्योजक म्हणून. विशीच्या उंबरठ्यावर कंपनी काढावी, तिशीत तिच्यातील मोठा हिस्सा देशातील सर्वांत बलाढ्य वीजकंपनीच्या हाती सोपवावा आणि मग लोकसेवेसाठी राजकारणात उतरावे, असा हा चरित्रपट. आपल्याकडील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना अशा कथा फार आवडतात आणि त्यात गैर काही नाही. परंतु फिलिपीन्समधील विजेचा इतिहास ज्याने थोडा तरी चाळला आहे, त्याला ‘उद्योग सोडून राजकारणात प्रवेश’ हे वर्णन पटणे कठीण आहे. त्या देशात वीज आणि सत्ता या दोन घरांमध्ये भिंत कधी नव्हतीच. लेविस्ते ओसरीवरून माजघरात आले, इतकेच फार तर म्हणता येईल.

हे विधान कोणास कठोर वाटेल, म्हणून आधी थोडे मागे जावयास हवे. मनिला शहराला वीज पुरविणारी ‘मेराल्को’ ही कंपनी १९०३ सालची. ती अमेरिकन मालकीची होती. १९६२च्या सुमारास ती युजेनिओ लोपेझ यांनी विकत घेतली. इलोइलोच्या या लोपेझ घराण्याचे मूळ वैभव साखरेचे. युजेनिओ यांचे बंधू फर्नांडो लोपेझ हे १९६५ ते १९७२ या काळात फर्डिनांड मार्कोस यांच्या कारकीर्दीत देशाचे उपाध्यक्ष होते. पुढे दोघांत बिनसले. १९७२मध्ये मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला, युजेनिओ यांच्या मुलाला तुरुंगात टाकले, आणि कंपनी लोपेझ यांच्या हातून जाऊन अध्यक्षपत्नी इमेल्डा यांचे बंधू बेंजामिन रोमुआल्देझ यांच्या वर्तुळाकडे गेली. १९८६मध्ये मार्कोस पळाले तेव्हा ती लोपेझांना परत मिळाली. या बेंजामिन रोमुआल्देझ यांचे चिरंजीव मार्टिन हे २०२२ ते २०२५ या काळात प्रतिनिधिगृहाचे सभापती होते. म्हणजे लेविस्ते यांनी सदस्यत्वाची शपथ घेतली ती त्यांच्याच सभागृहात. साखरेतून सत्तेकडे जाणारी वाट महाराष्ट्रातील वाचकाला नवी नाही. फरक एवढाच की आपली साखर, निदान कागदोपत्री तरी, सहकारी होती.

लेविस्ते यांचा जन्म १९९३चा. या सालाला फिलिपीन्सच्या वीजइतिहासात स्वतंत्र महत्त्व आहे. १९९२-९३मध्ये राजधानीत रोज आठ-आठ, दहा-दहा तास वीज नसे. कारखाने थांबत, दुकानांबाहेर जनित्रांचा धूर कोंडे, आणि परीक्षा आल्या की विद्यार्थी मेणबत्त्यांवर अभ्यास करीत. ही वेळ ओढवली त्याला कारणे अनेक होती. पण त्यांतील एक बतान येथे समुद्रकाठी आजही उभे आहे. मार्कोस राजवटीने तेथे ६२० मेगावॅटचे अणुवीजकेंद्र बांधले. त्यावर दोन अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम खर्ची पडली. चेर्नोबिलच्या दुर्घटनेनंतर कोराझोन अक्विनो यांच्या सरकारने ते सुरू न करण्याचा निर्णय घेतला. निर्णयाच्या योग्यायोग्यतेविषयी मतभेद होऊ शकतील. पण त्या केंद्राऐवजी दुसरी वीज कोठून आणावयाची, याचा विचार मात्र वेळेवर झाला नाही. ज्या केंद्राने एक युनिटही वीज दिली नाही, त्याचे कर्ज फिलिपिनो करदाते २००७पर्यंत फेडीत राहिले.

अक्विनो यांच्यानंतर आलेल्या फिडेल रामोस यांनी एप्रिल १९९३मध्ये खास वीजसंकट कायदा करून घेतला आणि खाजगी वीजनिर्मात्यांशी धडाक्याने करार केले. दिवे लागले. मात्र करारांत अशी मेख होती की वीज घेतली न घेतली तरी ठरलेले पैसे द्यावयाचे. दाभोळ प्रकरण ज्यांना आठवते त्यांना याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. १९९७च्या आशियाई आर्थिक संकटानंतर मागणी खाली आली, पेसो घसरला, आणि न वापरलेल्या विजेचा आकार लोकांच्या बिलांत येऊन बसला. सरकारी महामंडळ कर्जाखाली दबले. शेवटी २००१मध्ये वीजक्षेत्राची पुनर्रचना करणारा कायदा झाला. निर्मितीकेंद्रे खाजगी हाती गेली आणि विजेची किंमत बाजारावर सोपविली गेली. त्याचा परिणाम म्हणून हा मध्यम उत्पन्नाचा देश आशियातील सर्वांत महाग वीज वापरणाऱ्या देशांत गणला जाऊ लागला. सात हजारांहून अधिक बेटे, त्यांतील असंख्य बेटांवर डिझेलची जनित्रे, मुख्य बेटांवर मुख्यत्वे आयात केलेला कोळसा. भूगर्भातील उष्णतेपासून वीज काढण्यात हा देश जगात अग्रगण्य असूनही अलीकडच्या काळात त्याची साठ टक्क्यांच्या आसपास वीज कोळशावरच निघत आली आहे.

अशा देशात डोक्यावर तळपणाऱ्या सूर्याकडे कोणाचे तरी लक्ष जाणे अपरिहार्य होते. लेविस्ते यांचे गेले ते २०१३मध्ये. अमेरिकेतील येल विद्यापीठातील अभ्यास बाजूला ठेवून त्यांनी ‘सोलर फिलिपीन्स’ ही कंपनी काढली. वय वीस. हातात भांडवल होते आणि आडनावही होते. मातोश्री लॉरेन लेगार्दा या एके काळच्या नामांकित वृत्तनिवेदिका आणि पुढे सिनेटच्या ज्येष्ठ सदस्या. हवामानबदलासंबंधीच्या २००९च्या कायद्याच्या त्या प्रमुख शिल्पकार मानल्या जातात. वडील बतांगासचे माजी गव्हर्नर. म्हणजे ज्या विषयावर आईने कायदे केले, त्या विषयात मुलाने धंदा केला. हा दोष आहे असे येथे सुचवावयाचे नाही. वकिलाचा मुलगा वकील होतो, वैद्याचा वैद्य. पण वकिलाच्या मुलाला न्यायाधीश नेमण्याचा अधिकार आईकडे नसतो, हा फरकही विसरता कामा नये.

आरंभीची कामगिरी निर्विवाद उल्लेखनीय होती. २०१४च्या अखेरीस मनिलातील एका अवाढव्य बाजारसंकुलाच्या छतावर दीड मेगावॅटची सौरपत्रे बसविण्यात आली आणि तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बेनिग्नो अक्विनो स्वतः समारंभाला हजर राहिले. मार्च २०१६मध्ये बतांगासमधील कालातागान येथे ६३ मेगावॅटचे सौरक्षेत्र उभे राहिले. त्या वर्षी मार्चच्या मध्यापर्यंत काम पुरे करणाऱ्यांना सरकारने युनिटमागे ८ पेसो ६९ सेंटाव्होंचा हमी दर देऊ केला होता. त्यामुळे देशभर सौरक्षेत्रे बांधण्याची जणू शर्यतच लागली होती. त्यानंतर २०१७मध्ये कंपनीने बतांगासमध्येच पत्रे जोडण्याचा कारखाना काढला. आणि २०१८मध्ये जे केले ते खरोखर धाडसाचे होते. मेराल्कोला तिने युनिटमागे २ पेसो ३४ सेंटाव्हो असा दर देऊ केला. त्या वेळच्या विनिमयदराने हे सुमारे तीन रुपये होतात. त्या काळात मनिलातील सामान्य ग्राहक सर्व आकार धरून युनिटला दहा पेसोंच्या आसपास मोजत होता.

या आकड्याचे महत्त्व नीट समजून घेतले पाहिजे. तोवर सौरऊर्जा ही श्रीमंत देशांची हौस किंवा पर्यावरणवाद्यांचा हट्ट समजली जात असे. सरकारने हमी दर द्यावा तेव्हा ती तग धरणार. लेविस्ते यांनी भर बाजारात सांगितले की कोळशापेक्षा ऊन स्वस्त आहे, अनुदान नको. याचे सारे श्रेय त्यांचे नव्हे. चीनमधील कारखान्यांनी पत्र्यांच्या किमती पाडल्या होत्या, भारतातही मे २०१७मध्ये राजस्थानातील भाडला येथील लिलावात दर २ रुपये ४४ पैशांवर आला होता. तथापि स्वस्ताईची बातमी आपल्या देशात पहिल्यांदा मोठ्याने उच्चारणारा माणूस लागतो. फिलिपीन्समध्ये तो लेविस्ते होते. प्रस्थापित वीजकंपन्यांना त्यांनी घाम फोडला, यात शंका नाही.

आता अडचणीच्या भागाकडे वळू. ऊन फुकट असते. परंतु उन्हाची वीज करून ती घराघरांत पोचविण्यासाठी लागणारी एकही अन्य वस्तू फुकट नसते. जमीन लागते. उपकेंद्रात जोडणीसाठी जागा लागते. ऊर्जा खात्याशी करार लागतो. आणि वीज निर्माण करून दुसऱ्याला विकण्याऐवजी ती स्वतःच गावात वाटावयाची असेल, तर फिलिपीन्सच्या कायद्याप्रमाणे काँग्रेसने मंजूर केलेली सनद लागते. निर्मितीला सनद नको, वितरणाला मात्र हवी, अशी तेथील व्यवस्था आहे. मेराल्कोही अशाच सनदेवर चालते. तिची सनद २०२८मध्ये संपावयाची होती, ती एप्रिल २०२५मध्ये कायदा करून आणखी पंचवीस वर्षांसाठी वाढविण्यात आली. तात्पर्य, ज्याला तारा टाकावयाच्या आहेत त्याला कायदेमंडळाच्या दारी जावेच लागते.

लेविस्तेही गेले. त्याआधी त्यांनी ऑक्सिडेंटल मिंदोरो प्रांतातील पालुआन या दुर्गम गावी सौरपत्रे, विद्युत्घट आणि पूरक डिझेल जनित्र यांचे छोटेखानी जाळे उभारून दाखविले होते. जेथे दिवसातील काही तासच वीज असे, तेथे ती चोवीस तास मिळू लागल्याचे कंपनीने सांगितले. पालुआनसारखी शेकडो गावे आहेत, तेथील सहकारी वीजसंस्था वर्षानुवर्षे लोकांना अंधारात ठेवतात, आम्हांला परवानगी द्या, सरकारचा पैसाही नको, असा त्यांचा युक्तिवाद होता. जो माणूस कधी भारनियमनात राहिला आहे, त्याला या युक्तिवादाची ओढ वाटणारच. मुलांना रात्री वाचता येत नाही, दवाखान्यात लस थंड राहत नाही, मासेमारांना बर्फ मिळत नाही. आणि एक तरुण म्हणतो आहे की मी सहा महिन्यांत वीज देतो. त्याला परवाना नाकारणारे कोण?

नाकारणारे बरेच होते. देशातील १२१ सहकारी वीजसंस्था खवळल्या. त्यांच्यातील अनेक गैरकारभाराने पोखरलेल्या होत्या हे खरे. परंतु त्यांचा प्रश्न त्यामुळे खोटा ठरत नव्हता. स्पर्धा हवी तर ती सर्वांसाठी खुली करा, एकाच कंपनीच्या नावे कायदा का, असे त्या विचारीत होत्या. सौरउद्योगातील अन्य व्यावसायिकांनीही हाच आक्षेप घेतला. विधेयक मूळ स्वरूपात फारच ऐसपैस होते. चर्चेत त्याला कात्री लागली, निवडक प्रांतांतील वीज न पोचलेल्या वा अपुरी पोचलेल्या भागांपुरते ते मर्यादित झाले, आणि सनद एकाधिकाराची नाही हेही नमूद झाले. ‘सोलर पारा सा बायान’, म्हणजे ‘देशासाठी सौरऊर्जा’, या नावाच्या कंपनीला पंचवीस वर्षांची सनद देणाऱ्या या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी ३१ जुलै २०१९ रोजी सही केली. विधेयक सिनेटपुढे असताना सदस्यांच्या बाकांवर मातोश्री होत्या. त्यामुळे हितसंबंधांचा प्रश्न त्याच वेळी जाहीरपणे उपस्थित झाला होता.

माझ्या मते सनद देणे चूक नव्हते. चूक होती ती देण्याच्या पद्धतीत. पालुआनचा प्रयोग यशस्वी झाला असेल, तर त्या अटी पूर्ण करणाऱ्या कोणालाही असे जाळे उभारता येईल, असा सर्वसाधारण नियम करावयास हवा होता. पुढे २०२२मध्ये सूक्ष्म जाळ्यांसाठी तसा कायदा झालाही. म्हणजे योग्य रस्ता उपलब्ध होता. पण तीन वर्षे आधी एका कंपनीसाठी वेगळे फाटक उघडण्यात आले. फाटकातून आत गेलेला मनुष्य लायक असू शकतो. फाटक खाजगी होते ही गोष्ट मात्र त्याने बदलत नाही.

यानंतर लेविस्ते यांच्या उद्योगाचे स्वरूप पालटले. पत्रे बसविणे मागे पडून जागा धरणे पुढे आले, असे म्हटले तर फार अन्याय होणार नाही. डिसेंबर २०२१मध्ये त्यांच्या समूहातील नुएवा एसिहा प्रांतातील प्रकल्पाची कंपनी शेअर बाजारात आली. एक पेसो दराने समभाग विकून तिने सुमारे २.७ अब्ज पेसो उभारले. त्या वेळी तिचे वीज-उत्पादन सुरूही झालेले नव्हते. २०२२मध्ये सरकारने अपारंपरिक विजेचा पहिला मोठा लिलाव केला, त्यातील सौरऊर्जेचा सिंहाचा वाटाही याच समूहाने पटकावला. नुएवा एसिहा हे फिलिपीन्सचे भाताचे कोठार. तेथे आणि शेजारच्या बुलाकान प्रांतात मिळून ३५०० मेगावॅटची सौरपत्रे आणि ४५०० मेगावॅट-तास साठवण असा प्रकल्प आखण्यात आला. क्षेत्र साडेतीन हजार हेक्टर, म्हणजे साडेआठ हजार एकरांहून अधिक. जगातील अशा प्रकारच्या सर्वांत मोठ्या प्रकल्पांत तो गणला जातो. पण त्याची पायाभरणी नोव्हेंबर २०२४मध्ये झाली तेव्हा सूत्रे लेविस्ते यांच्या हाती नव्हती. २०२३मध्येच मेराल्कोच्या निर्मितीशाखेने सुमारे १६ अब्ज पेसोंच्या व्यवहारातून मूळ कंपनीवर नियंत्रण मिळविले होते. ज्या मेराल्कोला आव्हान देत त्यांनी नाव कमावले, तिच्याच छत्राखाली त्यांचा सर्वांत मोठा प्रकल्प गेला.

व्यापारात असे होतच असते. कल्पना एकाची, भांडवल दुसऱ्याचे. परंतु या कथेची दुसरी बाजू कागदावर राहिलेल्या प्रकल्पांची आहे, आणि ती समजण्यास थोडे तांत्रिक विवेचन आवश्यक आहे. एखाद्या ठिकाणी सौरकेंद्र काढावयाचे तर ऊर्जा खात्याशी सेवाकरार होतो. करार झाला की ती जागा आणि तिच्याजवळच्या उपकेंद्रातील जोडणी त्या कंपनीच्या नावे राखली जाते. उपकेंद्राची क्षमता मर्यादित असते. एकाला जोडणी दिली की दुसऱ्याला प्रतीक्षा करावी लागते. आपल्याकडे एस.टी.च्या खिडकीतून आत रुमाल टाकून जागा धरतात, तसाच हा प्रकार. रुमालवाला खरोखर चढणार असेल तर तक्रार नाही. पण गाडी सुटली, रुमाल तसाच आहे, आणि उभे असलेले प्रवासी मात्र त्या रिकाम्या जागेकडे पाहत लोंबकळत आहेत, असे झाले तर? शिवाय सौरउद्योगात काही न बांधता नुसता रुमालही विकता येतो. पत्र्यांच्या किमती दरसाल उतरत असताना थांबण्यातच फायदा आहे, असेही गणित मांडता येते. तोटा होतो तो त्या देशाचा, कारण न बांधलेल्या सौरकेंद्राची वीज कोळसा जाळून भरून काढावी लागते.

अशा पार्श्वभूमीवर लेविस्ते २०२५मध्ये मतदारांपुढे गेले. मतदारसंघ मोठा बोलका आहे. नासुग्बूच्या परिसरातील ऊस आणि साखर कारखान्याची जुनी परंपरा यातच येते. तेथील सुमारे शतकभराचा साखर कारखाना २०२२च्या अखेरीस बंद पडला. बालायान उपसागराच्या काठावरील कालाका येथे १९८४पासून धूर ओकणारे कोळशाचे वीजकेंद्रही याच मतदारसंघात, आणि कालातागानचे सौरक्षेत्रही यातच. वडिलांचा प्रांत, स्वतःचा पैसा, तरुण वय आणि नवी भाषा, एवढ्या शिदोरीवर विजय अवघड नव्हता. त्याच वेळी आई सिनेटमध्ये, मामा अन्तिके प्रांताचे प्रतिनिधी, आणि आता भाचा बतांगासचा. फिलिपीन्सच्या १९८७च्या राज्यघटनेत घराणेशाहीला मनाई करणारे कलम आहे; फक्त ‘कायद्याने व्याख्या केली जाईल त्याप्रमाणे’ असे शेपूट त्याला जोडलेले आहे. ही व्याख्या करण्याचे काम ज्यांच्याकडे सोपविले, ते बहुतेक स्वतःच घराण्यांतील असल्यामुळे पुढची जवळजवळ चार दशके ती झाली नाही. २०२५च्या निवडणुकीनंतर चोवीस जणांच्या सिनेटमध्ये भावंडांच्या चार जोड्या बसल्या होत्या. त्या मानाने लेगार्दा-लेविस्ते कुटुंब संयमी म्हणावे लागेल.

निवडून आल्यावर मात्र या नव्या सदस्याने असे काही केले की त्यामुळे त्यांच्याविषयी घाईने मत बनविणाऱ्यांची पंचाईत व्हावी. त्या वर्षी पूरनियंत्रणाच्या कामांतील भ्रष्टाचाराने देश ढवळून निघाला होता. जुलै २०२२पासून अशा कामांवर ५४५ अब्ज पेसो खर्च झाल्याचे स्वतः अध्यक्ष मार्कोस (धाकटे) यांनी ऑगस्ट २०२५मध्ये सांगितले. कित्येक बंधारे निकृष्ट, काही तर जागेवर नव्हतेच. २२ ऑगस्ट रोजी सार्वजनिक बांधकाम खात्याच्या एका जिल्हा अभियंत्याला सुमारे ३१ लाख पेसोंच्या रोकडीसह पोलिसांनी ताआल येथे पकडले. ही रक्कम आपल्याला चौकशीपासून परावृत्त करण्यासाठी लाच म्हणून देऊ करण्यात आली, अशी तक्रार लेविस्ते यांची होती. नवख्या खासदाराने पाकीट परत करण्याऐवजी पोलिसांना बोलवावे, ही गोष्ट कोठल्याही देशात लहान नाही. सप्टेंबरमध्ये सभापती रोमुआल्देझ यांना पद सोडावे लागले आणि लाखो लोक रस्त्यावर आले. डिसेंबरमध्ये बांधकाम खात्याच्या एका दिवंगत वरिष्ठ अधिकारी महिलेकडील कागदपत्रे आपल्यापाशी आहेत असे जाहीर करून लेविस्ते यांनी मतदारसंघवार निधिवाटपाचे आकडे उघड केले. ती कागदपत्रे त्यांनी कशी मिळविली यावर वाद झाला; आकडे वाचून अनेक सहकारी सदस्यांची झोप उडाली असणार, हे सांगण्यास मात्र ज्योतिषी नको.

आणि जानेवारी २०२६मध्ये ऊर्जा खात्याने आपला कागद बाहेर काढला. सोलर फिलिपीन्सशी केलेले अनेक करार मुदतीत काम न झाल्याने रद्द केले असून त्यांची एकूण क्षमता अकरा हजार मेगावॅटांहून अधिक भरते, आणि कंपनीकडून सुमारे २४ अब्ज पेसो वसूल करावयाचे आहेत, असे खात्याने जाहीर केले. अकरा हजार मेगावॅट म्हणजे किती? २०२४च्या कडक उन्हाळ्यात संपूर्ण लुझोन बेटाची सर्वोच्च मागणी चौदा हजार मेगावॅटांच्या आसपास गेली होती. लेविस्ते यांनी या कारवाईमागे राजकीय आकस असल्याचे म्हटले.

या ठिकाणी वर्तमानपत्र वाचणाऱ्याने दोन तट पाडून त्यांतील एक निवडण्याची घाई करू नये, असे मला वाटते. करार पाळले गेले नाहीत ही तक्रार खरी असू शकते, आणि ती नेमकी त्याच महिन्यात खात्याला आठवली यामागे राजकारण असू शकते. एक खरे म्हणून दुसरे खोटे ठरत नाही. खात्याला विचारावयास हवे की रुमाल इतकी वर्षे खिडकीत दिसत होता, तेव्हा तपासनीस कोठे होते? तुलनेने थोड्या मेगावॅटांची ऐपत दाखविणाऱ्याच्या हाती हजारो मेगावॅटांचे करार सोपविताना जामीन, अनुभव, मुदती यांची छाननी कोणी केली? आणि लेविस्ते यांना विचारावयास हवे की बांधकाम खात्याच्या हिशोबात आपण जी पारदर्शकता मागता, तीच आपल्या करारांना लावून, कोणता प्रकल्प कोठवर आला, कोणाला किती किमतीस विकला, हे एका तक्त्यात मांडण्यास आपल्याला अडचण कोणती? बंधारा कागदावर बांधला तर तो भ्रष्टाचार आणि वीजकेंद्र कागदावर राहिले तर तो धोरणात्मक विलंब, असा भेद पुराच्या पाण्यात उभ्या असलेल्या किंवा अंधारात बसलेल्या माणसाला समजावून सांगता येणार नाही.

या साऱ्या प्रकरणात ज्यांची बाजू क्वचितच छापून येते ते सौरउद्योगातील लहान व्यावसायिक. एखाद्या प्रांतात दोन-चार मेगावॅटचे केंद्र काढू पाहणारा अभियंता, ज्याची आई सिनेटमध्ये नाही आणि ज्याला उपकेंद्रातील जोडणीसाठी ‘क्षमता शिल्लक नाही’ असे उत्तर मिळते. करार रद्द झाल्याने ती क्षमता मोकळी होते. ती त्याला मिळते की दुसऱ्या एखाद्या घराण्याच्या नावे पुन्हा राखली जाते, यावर या कारवाईची किंमत ठरेल. १९७२मध्येही मेराल्को एका घराण्याकडून काढून घेतली गेली होती. ती जनतेकडे गेली नाही, दुसऱ्या घराण्याकडे गेली.

बतांगासच्या त्या पहिल्या मतदारसंघात कालाका आणि कालातागान यांच्यामध्ये रस्त्याने फारसे अंतर नाही. दिवसा कालातागानच्या पत्र्यांवर ऊन पडते आणि वीज तारेत शिरते. सूर्य मावळला की त्याच जाळ्यात कालाकाची वीज उरते आणि तिच्यावर बतांगासचे दिवे लागतात. तेथील मतदाराच्या बिलात यांतील कोणते युनिट कोणाचे, हे लिहिलेले नसते. दर तेवढा लिहिलेला असतो.